नवा संगणक लावताना: कोण विचारतंय आणि कशासाठी

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा सपोर्ट बंद केला. त्या दिवशी कुणाचा संगणक बंद पडला नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं तेवढं थांबलं. घरगुती ग्राहकांना नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत त्या मिळवता येतात, पण ती फक्त मुदतवाढ. विंडोज ११ जुन्या यंत्रावर सहसा चढत नाही. तिला टीपीएम २.० नावाचा, गुप्त किल्ल्या सांभाळणारा सुरक्षा-भाग लागतो, आणि साधारण २०१७-१८ च्या आधीचे प्रोसेसर तिच्या यादीत नाहीत. त्यामुळे राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सुदामानगर अशा आमच्या इंदूरच्या वस्त्यांमध्ये बऱ्याच मराठी घरांत नवा संगणक आला आहे किंवा येऊ घातला आहे. आणि हौसेनं खोकं उघडलेला माणूस दुसऱ्या दिवशी वैतागून फोन करतो.

शेजारपाजारच्या आणि नात्यातल्या लोकांचे संगणक मी लावून देते. त्यांच्या शेजारी बसल्यावर एक गोष्ट सारखी दिसते. यंत्र स्वतः दहा-पंधरा मिनिटांत सुरू होतं. त्यानंतर पडद्यावर एकामागून एक प्रश्न येतात, आणि हे सगळं 'कॉम्प्युटर विचारतोय' असं समजून माणूस उत्तरं देत सुटतो. खरं तर त्या पडद्यावर वेगवेगळ्या पार्ट्या बोलत असतात: यंत्र बनवणारी कंपनी, विंडोज बनवणारी मायक्रोसॉफ्ट, तिचाच वर्गणी विकणारा विभाग, अँटिव्हायरसवाली कंपनी आणि कधीकधी दुकानदार. यांतल्या काही प्रश्नांशिवाय संगणक चालणारच नाही. बाकीचे त्यांच्या धंद्यासाठी असतात. दिसायला मात्र दोन्ही सारखेच: निळं बटण, खाली बारीक अक्षरात दुसरा पर्याय. कोण विचारतंय आणि त्याला उत्तर कशाला हवंय हे कळलं, की हे काम कुणालाही जमतं. सत्तरीतल्या मावशींनाही जमतं, हे मी पाहिलेलं आहे.

आधी सॉकेट

पडद्यावर जाण्याआधी भिंतीकडे बघा. रामबाग, नारायणबाग भागातल्या जुन्या घरांत अजूनही असे सॉकेट सापडतात, ज्यांच्या वरच्या मोठ्या भोकात अर्थिंगची तार पोचलेलीच नाही. तिथं डेस्कटॉप लावला की त्याच्या पत्र्याच्या डब्याला हात लागल्यावर मुंग्या आल्यासारखी चुणचुण होते. लोक म्हणतात, नवा पीस करंट मारतो, बदलून द्या. पीस बहुधा चांगला असतो. त्याच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतली खरखर गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर बसवलेले असतात आणि ते डब्याच्या पत्र्याला जोडलेले असतात. त्यांतून झिरपणारा किंचित प्रवाह अर्थिंगवाटे जमिनीत जावा अशी रचना असते. अर्थिंगच नसेल तर वाट मिळत नाही आणि पत्र्यावर घरातल्या विजेच्या साधारण निम्मा, म्हणजे शे-सव्वाशे व्होल्टचा दाब उभा राहतो. प्रवाह फार थोडा असल्यामुळे नुसती चुणचुण जाणवते. पण उद्या आत खरोखर काही बिघडलं तर माणसाला वाचवणारी तीच अर्थिंगची तार असते. म्हणून चुणचुण जाणवली तर दुकानात न जाता इलेक्ट्रिशियनला बोलवा.

डेस्कटॉपला यूपीएस हवाच. का ते पुढं अपडेटच्या वेळी कळेल. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर लावू नका. त्याचा हीटर सुरू होताना एकदम इतकी वीज ओढतो की घरगुती यूपीएसला ती झेपत नाही. आणि संगणक चालू होऊनही पडदा काळाच राहिला, तर मागच्या बाजूला बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची वायर त्या कार्डाच्या सॉकेटमध्ये लागते. वरच्या बाजूचं एचडीएमआय सॉकेट मदरबोर्डचं, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटपट्टीचं असतं आणि तिथं बऱ्याचदा चित्र येत नाही.

खातं कुणाच्या नावाचं?

देश, कीबोर्ड आणि वायफाय हे पहिले प्रश्न खरे गरजेचे. देश 'इंडिया' निवडला की घड्याळ आणि रकमेतले लाख-कोटीचे स्वल्पविराम आपल्या पद्धतीनं येतात. कीबोर्ड 'इंग्लिश इंडिया' घेतलात तर उजवीकडचं ऑल्ट आणि ४ दाबून रुपयाचं चिन्ह उमटतं. चुकून ब्रिटिश कीबोर्ड निवडला गेला तर ई-मेलमधलं ॲटचं चिन्ह आणि दुहेरी अवतरण यांची अदलाबदल होते, आणि मग पासवर्ड बरोबर टाकूनही 'चूक' म्हणून येतो.

त्यानंतर येतो खरा प्रश्न. घरगुती विंडोज ११, जिला 'होम' म्हणतात, ती सुरू करायला इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागते. पूर्वी इंटरनेट न जोडता पुढं सरकता येत असे; त्या वाटा कंपनीनं एकेक करून बुजवत आणल्या आहेत. खातं हवं असण्यामागं काही कारणं तुमच्याही फायद्याची आहेत. विंडोजचा परवाना खात्याशी जोडला जातो, डिस्कच्या कुलपाची किल्ली तिथं ठेवली जाते, लॅपटॉप हरवला तर तो शोधायची सोय होते. बाकीची कारणं कंपनीची आहेत. तुम्ही खात्यात आलात की वर्गणी विकणं सोपं जातं.

ज्यांना खात्याची कटकट नकोच आहे, त्यांनी आधी सगळं लावून घ्यावं. नंतर 'सेटिंग्ज'मध्ये 'अकाउंट्स', त्यात 'युअर इन्फो' इथं जाऊन फक्त याच यंत्रापुरतं, म्हणजे लोकल खातं करता येतं. फक्त पुढं सांगितलेली ४८ अंकी किल्ली त्याआधी उतरवून घ्या.

पण माझ्या अनुभवात लोकांना सगळ्यात जास्त त्रास होतो तो खातं दुसऱ्याच्या हातात असल्यामुळे. आपल्याकडे हे फार सहज घडतं. काकांना संगणक येत नाही, म्हणून भाचा रविवारी येतो, 'द्या इकडे' म्हणतो आणि पाच मिनिटांत स्वतःच्या मोबाइल नंबरवर खातं उघडून देतो. त्यानं प्रेमानंच केलेलं असतं. पुढं भाचा नोकरीसाठी बेंगळुरूला जातो, नंबर बदलतो. वर्ष-दीड वर्षानं एके दिवशी संगणक म्हणतो, हे तुम्हीच आहात याची खात्री करा, आणि कोड जातो त्या जुन्या नंबरवर. बंद पडलेला नंबर मोबाइल कंपन्या काही काळानं दुसऱ्या ग्राहकाला देतात. म्हणजे काकांच्या संगणकाचा कोड भलत्याच माणसाच्या फोनवर वाजतो. खात्यावरचे जुने नंबर आणि ई-मेल यांपैकी एकही हाताशी नसेल आणि सगळी माहिती बदलायची असेल, तर मायक्रोसॉफ्ट ३० दिवस थांबायला लावते. चोराला सहज खातं बळकावता येऊ नये म्हणून हा नियम आहे आणि तो योग्य आहे. पण पेन्शनच्या कागदपत्रांसाठी अडलेल्या माणसाला तो महिना फार जड जातो.

म्हणून खातं, जो माणूस संगणक वापरणार आहे त्याच्याच नावानं आणि त्याच्याच खिशातल्या मोबाइल नंबरवर उघडा. दुसरा नंबर म्हणून घरातल्याच कुणाचा तरी द्या. पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवा. वहीत लिहू नये असं लोक सांगतात, पण घरातला संगणक वापरणाऱ्या ज्येष्ठांसाठी कपाटातली वही ही चांगली जागा आहे. इंटरनेटवरचा चोर कपाटापर्यंत येत नाही. वही संगणकाच्या बॅगेत मात्र ठेवू नका.

इथंच एक बारीक गोष्ट घडते आणि ती नंतर सहजी सुधारत नाही. तुमच्या कागदपत्रांचं मुख्य फोल्डर विंडोज स्वतः तयार करते आणि त्याला तुमच्या ई-मेलची पहिली पाच इंग्रजी अक्षरं नाव म्हणून देते. कुलकर्णींच्या ई-मेलवरून 'कुलक', देशपांड्यांच्या ई-मेलवरून 'देशप'. हे बघून लोक घाबरतात, व्हायरस आला म्हणतात. काही बिघडलेलं नसतं. ते नाव बदलायच्या खटपटीत पडू नका, कारण अनेक प्रोग्राम तोच पत्ता धरून बसलेले असतात.

मग संगणक पिन ठेवायला सांगतो. आत्ताच तर पासवर्ड दिला, पुन्हा हे काय, असं प्रत्येक जण विचारतो. पासवर्ड जगात कुठूनही तुमच्या खात्याचं दार उघडतो. पिन फक्त याच यंत्रावर चालतो. तो इथल्याच टीपीएमशी बांधलेला असतो. कुणी तुमचा पिन पाहिला तरी त्याला हे यंत्र हातात असल्याशिवाय उपयोग नाही. म्हणून पिन ठेवणं चांगलंच. एटीएमचाच आकडा मात्र नको.

यानंतरचे पडदे खासगीपणाचे: तुमचं ठिकाण कळू द्यायचं का, टायपिंगचा नमुना पाठवायचा का, जाहिरातींसाठी ओळख क्रमांक वापरू द्यायचा का. यांत बरेच पर्याय आधीच 'होय'वर असतात. हे प्रश्न कंपनीचे आहेत. सगळ्यांना 'नाही' म्हटलं तरी संगणक तितकाच नीट चालतो. लॅपटॉप असेल तर हरवलेलं यंत्र शोधायचा पर्याय तेवढा चालू ठेवा, आणि त्यासाठी ठिकाणाचीही परवानगी लागते. डेस्कटॉपला दोन्हीची गरज नाही. मग ऑफिसची, म्हणजे वर्ड-एक्सेल वगैरेंची वर्गणी, खेळांची वर्गणी, फोन जोडणं अशा सूचना येतात. तिथं 'नॉट नाउ', 'स्किप', 'डिक्लाइन' असं बारीक अक्षरात कुठंतरी असतं; ते शोधा. कार्डाचा नंबर मागितला जात असेल तर समजा की संगणक लावण्याचं काम संपलेलं आहे आणि विक्री सुरू झाली आहे. काही दिवसांनी 'तुमचा संगणक लावणं पूर्ण करा' असा पडदा पुन्हा येतो. काही अपुरं राहिलेलं नसतं. 'सेटिंग्ज'मधल्या 'नोटिफिकेशन्स'च्या अगदी तळाशी, जादा पर्यायांत, तो बंद करता येतो.

४८ अंकांची किल्ली

हा भाग छोटा आहे, पण सगळ्यात महत्त्वाचा. आजकाल नव्या संगणकावर खात्यानं प्रवेश केला की डिस्कवरचा सगळा मजकूर आपोआप कुलूपबंद होतो. याला डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. लॅपटॉप चोरीला गेला तर चोराला डिस्क काढून फोटो, बँकेचे कागद वाचता येत नाहीत. पण कधी बायोस, म्हणजे यंत्र सुरू करणारा मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम, अपडेट झाला, मदरबोर्ड बदलला, किंवा दुरुस्तीवाल्यानं एखादी सेटिंग हलवली, तर संगणक निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती नसेल तर आतलं काहीही परत मिळत नाही. दुकानदार, कंपनी, मायक्रोसॉफ्ट, कुणीच ते उघडू शकत नाही.

ही किल्ली तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. खातं भाच्याच्या नंबरवर उघडणं किती महागात पडू शकतं, ते इथं कळतं. पहिल्याच दिवशी ब्राउझरमधून आपल्या खात्यात जा, 'डिव्हाइसेस'मध्ये हा संगणक शोधा, किल्ली कागदावर छापून घ्या आणि घराच्या कागदपत्रांच्या फाइलीत लावा. त्याच कागदावर 'की आयडी' नावाचा दुसरा आकडाही छापा. घरात दोन संगणक असतील तर कोणती किल्ली कुणाची हे त्यावरून कळतं.

पहिल्या दिवशी एवढा हळू का?

सत्तर हजारांचा संगणक आणि जुन्यापेक्षा हळू, ही तक्रार पहिल्या संध्याकाळची. कारखान्यात भरलेली विंडोज ही त्या दिवशीची असते. खोकं गोदामात, मग दुकानात काही महिने राहतं. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेच्या दुरुस्त्या काढते, आपल्याकडे तोवर रात्र झालेली असते. त्या साऱ्या साठलेल्या दुरुस्त्या आता एकदम उतरतात. त्याच वेळी डिफेंडर हा विंडोजचा अँटिव्हायरस सगळी डिस्क तपासतो, शोधासाठी फाइलींची यादी बनत असते, छोटी ॲप्स स्वतःला नवं करून घेत असतात आणि वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची साठवणीची जागा, तुमच्या डेस्कटॉपवरच्या फाइली तिकडे चढवू पाहते. एवढी कामं एकाच वेळी चालली असताना तुम्ही ब्राउझर उघडता. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलंत तर टास्क मॅनेजर उघडतो आणि कोण किती खातंय ते दिसतं. त्या दिवशी यंत्र पारखू नका. चालू ठेवून जेवायला जा, 'रिस्टार्ट' मागेल तेव्हा द्या. दोन-तीन फेऱ्यांनंतर ते मोकळं होतं.

अपडेटमधले टक्के वेळेचे नसतात, टप्प्यांचे असतात. म्हणून ३० वर बराच वेळ अडकून एकदम ७० होतात. अडकलं म्हणून बटण दाबून बंद करू नका. विशेषतः बायोसचं अपडेट चालू असताना वीज गेली तर मदरबोर्डच निकामी होऊ शकतो. आपल्याकडे पावसाळ्यात एक सर आली की लाइट जाते. यूपीएस हवा तो या काही मिनिटांसाठी. लॅपटॉपलाही अशा वेळी चार्जर लावलेला ठेवा.

जे मागितलं नव्हतं ते

नव्या संगणकात आधीच भरलेले प्रोग्राम का असतात? ते बनवणाऱ्या कंपन्या संगणक कंपनीला त्यासाठी पैसे देतात. अँटिव्हायरसची चाचणी-आवृत्ती हे त्याचं ठळक उदाहरण. मुदत संपत आली की ती 'तुमचा संगणक धोक्यात आहे' अशा सूचना देऊ लागते आणि माणूस घाबरून पैसे भरतो. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर फुकट आहे आणि घरच्या वापराला पुरतो. दुसरा अँटिव्हायरस असेतोवर तो बाजूला बसतो. त्याला काढून टाकलं की आपोआप कामाला लागतो. मी तर तो चाचणीवाला पहिल्याच दिवशी काढायला सांगते.

वनड्राइव्हचं जरा समजून घ्या. त्यात ५ जीबी फुकट मिळतात. सुरुवातीच्या एखाद्या पडद्यावर 'होय' म्हटलं गेलं की तुमचे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तिन्ही फोल्डर वनड्राइव्हच्या आत हलतात. जुन्या संगणकातून मुलांच्या लग्नाचे फोटो आणून 'पिक्चर्स'मध्ये टाकले की ५ जीबी पहिल्या तासात भरतात आणि 'जागा संपली' म्हणून ओरड सुरू होते. डिस्क तर रिकामी दिसते, मग कोणती जागा संपली? वनड्राइव्हची. घाईघाईनं वनड्राइव्हमधून फोटो पुसू नका. तिथं पुसलेलं संगणकावरूनही जातं. आधी फोटो डिस्कवरच्या वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा, मग वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये त्या तीन फोल्डरांचं बॅकअप थांबवा.

जागेवरूनच आणखी एक. खोक्यावर ५१२ जीबी, संगणक दाखवतो ४७६. दुकानदारानं फसवलेलं नाही. डिस्क बनवणारे एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. विंडोज १०७ कोटींहून थोडे जास्त धरते. तीच डिस्क, मापं दोन. १ टीबीची डिस्क त्यामुळेच ९३१ दिसते. त्यातही थोडी जागा दुरुस्तीसाठी राखीव असते.

असेंबल केलेला डेस्कटॉप घेणारे बरेच जण आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये किंवा जेल रोडला जातात. सुटे भाग निवडून बांधून घेण्यात काही वाईट नाही, मी स्वतः तोच सल्ला देते. कुठल्याही शहरात, कुठल्याही दुकानात असेंबल करून घेताना एकच विचारा: विंडोजचं लायसन्स बिलावर आहे का? 'सब डाल दिया है, भिया' हे उत्तर पुरेसं नाही. विंडोज आणि ऑफिस चोरवाटेनं चालू करणारी साधनं वापरताना आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो, आणि त्या साधनाबरोबर आत आणखी काय शिरलं हे कळायला मार्ग नसतो. ज्या यंत्रावरून तुम्ही बँकेचे व्यवहार करणार, त्याची सुरुवात अशी होऊ देऊ नका. ऑफिसचे पैसे परवडत नसतील तर लिबरऑफिस फुकट आहे, कायदेशीर आहे, आणि पत्र, हिशेब, सोसायटीची नोटीस एवढ्याला भरपूर होतं.

जुना प्रिंटर नव्या संगणकावर चालवायचा असेल तर वायर जोडण्याआधी त्याच्या कंपनीच्या साइटवर विंडोज ११ चा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा छोटा प्रोग्राम, आहे का बघा. फाइली आणताना आत निळं असलेलं यूएसबी सॉकेट वापरा. ते यूएसबी ३ चं असतं आणि साध्याहून कितीतरी वेगवान. एखादी ४ जीबीहून मोठी व्हिडिओ फाइल पेन ड्राइव्हवर जागा असूनही जात नसेल, तर पेन ड्राइव्ह जुन्या एफएटी३२ पद्धतीचा आहे. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला की जाते, पण आधी आतलं रिकामं करून घ्या.

मराठी कुठं गेलं?

यावर मला सविस्तर बोलायचं आहे, कारण इंदूरसारख्या शहरात मराठी मजकूर सांभाळणारे आपणच आहोत. मंडळाची इतिवृत्तं, गणेशोत्सवाच्या स्मरणिका, घराण्याची वंशावळ, आजोबांच्या आठवणी असं कितीतरी घरोघरच्या जुन्या संगणकांत पडून आहे. नव्या संगणकात ती फाइल उघडावी तर पानभर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो.

कारण असं. युनिकोड ही पद्धत १९९१ ला आली, तीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. पण घरोघरी आणि डीटीपीच्या दुकानांत ती रुळायला बरीच वर्षं गेली. तोवर कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी, आकृती असे फाँट चालत, आणि मध्य प्रदेशात सरकारी कचेऱ्यांपासून लग्नपत्रिकेपर्यंत कृतिदेवचा फार जोर होता. अशा फाइलीत मराठी साठवलेलं नसतंच. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द टाइप केला तर फाइलीत इंग्रजीतली इ, जे, के, मोठा बी आणि एच ही अक्षरं जातात. फाँट त्यांवर मुखवटा चढवतो: इ च्या जागी म, जे च्या जागी र, के च्या जागी काना, मोठ्या बी च्या जागी ठ, एच च्या जागी दीर्घ वेलांटी. नव्या संगणकात कृतिदेव नाही, म्हणून मुखवट्याखालची अक्षरं उघडी पडतात. फाइल खराब झालेली नाही.

यावर पहिला उपाय जुना संगणक चालू असतानाच करायचा आहे. त्यातल्या फाँटच्या फोल्डरची पूर्ण प्रत घ्या. तोच फाँट नव्यात टाकला की फाइल पूर्वीसारखी दिसते. मग महत्त्वाची प्रत्येक फाइल जुन्या संगणकावरूनच पीडीएफ करा. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार सोबत बांधले जातात, त्यामुळे ती कुठंही तशीच दिसते. पेजमेकर या छपाईची पानं लावायच्या जुन्या प्रोग्राममध्ये केलेल्या स्मरणिकांसाठी तर हे फारच गरजेचं, कारण त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची आणि ती बनवणं कधीच थांबलं.

पीडीएफ वाचता येते, पण मजकूर पुन्हा वापरायचा, शोधायचा, तर तो युनिकोडमध्ये आणावा लागतो. त्यासाठी फुकट कन्व्हर्टर मिळतात. फाँटचं नाव अचूक द्यावं लागतं, कारण प्रत्येक फाँटचा मुखवटा वेगळा. रूपांतरानंतर ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं नीट तपासा, चुका तिथंच होतात. मजकुरात मधे मधे खरी इंग्रजी नावं असतील तर त्यांचीही देवनागरी होऊन बसते. म्हणून नेहमी प्रतीवर काम करा, मूळ फाइलीला हात लावू नका.

आता नवं लिहिण्याबद्दल. 'सेटिंग्ज'मध्ये 'टाइम अँड लँग्वेज', त्यात 'लँग्वेज अँड रीजन' इथं मराठी भाषा जोडा. इंदूरमध्ये दुकानदार सवयीनं हिंदी जोडून देतात. तुम्ही मराठी मागा. भाषा जोडली की मंगल, कोकिळा, अपराजिता हे देवनागरी फाँटही उतरतात. विंडोज १० पासून ते आपोआप येत नाहीत, म्हणून जुन्या वर्ड फाइलींची मांडणी नव्या संगणकात हललेली दिसते. कीबोर्ड दोन मिळतात. रोमन अक्षरांत उच्चार टाइप करून मराठी उमटवणारा फोनेटिक २०१९ पासून विंडोजमध्येच आहे. दुसरा इनस्क्रिप्ट, ज्यात प्रत्येक देवनागरी अक्षराला ठरलेलं बटण असतं; शिकायला थोडे दिवस लागतात, पण रोज लिहिणाऱ्यानं तोच शिकावा. रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर, हात बसलेल्यांना त्या मांडणीचं वेगळं साधन टाकून घ्यावं लागतं. विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबलं की भाषा बदलते.

'वऱ्हाड' लिहायला गेलं की 'वर्हाड' होतं, हे दुखणं सगळ्यांचं आहे. साधा र, हलन्त आणि ह लिहिलं की संगणक रफार देतो. मराठीतल्या या अर्ध्या र साठी युनिकोडमध्ये वेगळं अक्षर आहे, खाली टिंब असलेला ऱ. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह जे दाबलं की तो येतो, मग डी दाबून हलन्त, मग यू दाबून ह. सुऱ्या, दऱ्या, तऱ्हा, बिऱ्हाड, सगळं याच वाटेनं. ळ शिफ्टसह एन वर आहे. आणि 'ॲ' हे अखंड अक्षर युनिकोडमध्ये २००८ ला आलं. त्याआधीच्या मजकुरात अ वर चंद्र ठेवून काम भागवलेलं असतं. डोळ्यांना फरक कळत नाही, पण शोधताना संगणक दोन्हींना वेगळं धरतो. मंडळाच्या सभासदांच्या यादीत एखाद्या ॲडव्होकेटांचं नाव असूनही सापडत नसेल, तर दोन्ही पद्धतींनी शोधून बघा.

हे सगळं होईपर्यंत जुना संगणक भंगारवाल्याला देऊ नका. फाँटची प्रत, पीडीएफ आणि मूळ फाइली अशा तिन्ही गोष्टी एका बाहेरच्या डिस्कवर घेतल्यात, त्यांतल्या चार-पाच फाइली नव्या संगणकात उघडून वाचल्यात, की मग जुनी हार्ड डिस्क काढून घरातच ठेवा आणि उरलेला डबा द्या.